किकाईजिमा: प्रवाळाच्या दगडावरचं एक जपानी गाव

समुद्रफेस

जपानच्या क्युशू बेटावरच्या कागोशिमात राहायला आल्यापासून दक्षिणेकडच्या बेटांबद्दल वाचतेय, जमेल तशी जाऊनही येतेय. त्यातल्या किकाईजिमाबद्दल मराठीत वाचायला काहीच सापडलं नाही, म्हणून हा धागा काढते. कुणी गेलं असेल, शेतीतलं किंवा भूगर्भातलं कुणाला कळत असेल, तर भर घाला.

क्युशूच्या दक्षिण टोकाकडून तैवानच्या दिशेने बेटांची एक लांबलचक माळ जाते. त्यातलं अमामी ओशिमा हे मोठं बेट, डोंगराळ आणि जंगलाचं. त्याच्या पूर्वेला साधारण पंचवीस किलोमीटरवर किकाईजिमा. क्षेत्रफळ ५७ चौरस किलोमीटर, म्हणजे गाडीने आरामात तासा-दीड तासात बेटाला फेरी होते. अख्खं बेट मिळून एकच नगर, किकाई-चो. १९५६ साली इथलं जुनं किकाई नगर आणि सोमाची गाव एकत्र करून ते झालं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसहा हजारांच्या आसपास होती. १९५० च्या दशकात याच्या दुपटीहून जास्त माणसं इथे राहत होती.

बेट पाहताना पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे पायऱ्या. समुद्राकडून आत जाताना जमीन एकेक टप्पा चढत जाते आणि सगळ्यात वर ह्याकुनोदाई नावाचं सपाट पठार लागतं, समुद्रापासून सुमारे २०० मीटर उंच. त्या पठाराचा दगड प्रवाळाचा आहे. साधारण लाखभर वर्षांपूर्वी तो पाण्याखाली, जिवंत होता! या बेटाच्या पूर्वेला र्युक्यू खंदक आहे. तिथे फिलिपिन्स सागराचं भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतं आणि त्या रेट्याने किकाई वर उचललं जातं. सरासरी धरली तर वर्षाला दोन मिलिमीटर. प्रवाळाच्या बेटांमध्ये जगात इतक्या वेगाने उचलली जाणारी फार थोडी. किनाऱ्यालगतच्या चार पायऱ्या तर गेल्या सुमारे सात हजार वर्षांतल्या आहेत. त्या हळूहळू वर आल्या नाहीत, मोठ्या भूकंपांच्या वेळी धक्क्याधक्क्याने आल्या. १९११ च्या जूनमध्ये इथे जवळपास ८ तीव्रतेचा भूकंप झाला होता, त्यात बेटावरची शेकडो घरं पडली.

आदेन नावाच्या वाडीत हा सगळा भूगोल हाताला लागतो. घरांभोवतीचे गडगे प्रवाळाच्या दगडांचे, डोक्याच्या वर उंची, सांध्यात चुना नाही की सिमेंट नाही. वादळांचा वारा अडवायला ते रचलेले आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर एका दगडावर मेंदूच्या वळ्यांसारखी नक्षी, शेजारच्यावर चांदण्यांची बारीक जाळी, तिसऱ्यात शिंपला तसाच रुतून बसलेला. सांध्यांतून नेचे उगवलेत. दुपारी उन्हात बाहेर चटके बसतात, पण गडग्याच्या आतल्या बोळात गारवा असतो.

नकाशावर हे बेट कोपऱ्यात पडल्यासारखं दिसतं. मला मात्र त्याच्याबद्दल जितकं वाचावं तितकं ते वाटेवरचं ठिकाण वाटत गेलंय. त्याला मोठा पुरावा गुसुकुच्या उत्खननाचा. पठाराच्या उतारावर, आजच्या गुसुकु वाडीच्या परिसरात शेकडो इमारतींच्या खांबांचे खड्डे सापडले. वस्ती नवव्या शतकापासून पंधराव्यापर्यंतची, भरभराट अकराव्या-बाराव्या शतकातली. चीनची चिनी मातीची भांडी, कोरियाची भांडी, क्युशूच्या संगजिऱ्याच्या दगडात कोरलेली पातेली, सगळं तिथे निघालं. मासेमारी करून पोट भरणाऱ्या वाडीत एवढं कुठून येणार? या बेटांच्या समुद्रात मिळणारे मोठे हिरवे शंख क्योतो या तेव्हाच्या राजधानीतल्या दरबारात शिंपल्याच्या जडावकामासाठी हवे असत. त्या व्यापाराचं आणि बहुधा उत्तरेकडच्या सत्तेच्या कारभाराचं हे ठाणं होतं, असं अभ्यासक मानतात. २०१७ मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

पुढचं थोडक्यात सांगते. १४६६ मध्ये र्युक्यू राज्याचा (आजचं ओकिनावा) राजा शो तोकू स्वतः सैन्य घेऊन आला आणि त्याने बेट जिंकलं. १६०९ मध्ये सात्सुमाच्या (आजच्या कागोशिमा भागातल्या) शिमाझू घराण्याने र्युक्यूवर स्वारी केली आणि अमामीची सगळी बेटं थेट आपल्या ताब्यात घेतली. तिथून उसाची कहाणी सुरू होते, तिच्यावर वेगळं लिहीन.

---

वाळकेश्वर_वारा

छान धागा! एक शंका. सात हजार वर्षांपूर्वी जपानच्या दक्षिणेला प्रचंड ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता, त्याने पडलेल्या विवराचं, म्हणजे कॅल्डेराचं, नावही किकाईच आहे ना? मग हे बेट त्याच ज्वालामुखीचं का?

---

समुद्रफेस

नाही, दोन्ही जागा वेगळ्या आहेत. ७,३०० वर्षांपूर्वी फुटलेला किकाई कॅल्डेरा क्युशूच्या अगदी जवळ, इओजिमा आणि ताकेशिमा या बेटांच्या आसपास समुद्रात आहे. आपलं किकाई तिथून बरंच दक्षिणेला, आणि इथे ज्वालामुखी नाहीच.

---

बखरवाला

या नावाच्या घोळातूनच शुनकानचा वाद निघतो. ११७७ मध्ये तेव्हा सत्तेवर असलेल्या ताइरा घराण्याविरुद्ध कट केल्याबद्दल शुनकान या भिक्षूला किकाईगाशिमावर हद्दपार केलं. बरोबरच्या दोघांना माफी मिळाली, त्यांना न्यायला जहाज आलं आणि हा एकटा मागे राहिला. नो आणि काबुकी या जपानी नाट्यप्रकारांत हा प्रसंग आजही होतो. किकाईजिमाच्या वान गावाजवळ त्याची समाधी दाखवतात. पण त्या काळची युद्धकथा वाचली तर तिथल्या बेटावर धुमसता डोंगर आहे, लोक गंधक गोळा करतात. हे वर्णन इओजिमाला चपखल बसतं. त्यामुळे मला तरी किकाईचा दावा पटत नाही.

---

समुद्रफेस

बखरवाला, गंधकाचा मुद्दा अगदी बिनतोड आहे. किकाईच्या बाजूने एवढंच म्हणता येतं की वानजवळची ती समाधी १९७० च्या दशकात उघडली तेव्हा आत माणसाची हाडं मिळाली, आणि ती स्थानिक माणसाची नसून बाहेरून आलेल्या कुणाची असावीत असं तपासणाऱ्यांचं मत पडलं. शुनकान नसेलही. पण मान देऊन पुरलेला कुणी परका इथे होता, हे गुसुकुच्या वस्तीशी जुळतं. त्या काळी किकाईगाशिमा हे नाव एकाच बेटाला न वापरता दक्षिणेकडच्या बऱ्याच बेटांना सरसकट वापरत, असंही मानतात.

पक्क्या पुराव्याचा कैदी हवा असेल तर मुराता शिनपाची घ्या. १८६२ मध्ये सात्सुमाच्या साइगो ताकामोरी या सामुराईबरोबर त्यालाही शिक्षा झाली. साइगोला आधी तोकुनोशिमाला आणि मग ओकिनोएराबूला पाठवलं, मुराताला किकाईला. १८६४ मध्ये साइगोला परत बोलावलं तेव्हा तो वाटेत किकाईला थांबला आणि मुराताला बरोबर घेऊन गेला. पुढे सरकारविरुद्धच्या १८७७ च्या बंडात दोघांचाही अंत झाला.

---

तहानलेला_माणदेशी

ताई, मला एकच विचारायचंय. सगळं बेट प्रवाळाचं, म्हणजे चुनखडीचं. मग पाणी टिकतं कुठे? नदी आहे का?

---

समुद्रफेस

माणदेशी, नेमका प्रश्न. नाव घेण्यासारखी नदी नाही. पाऊस भरपूर पडतो, पण चुनखडी स्पंजासारखी, पडलेलं सगळं पाणी खाली जातं. तळाशी चिखलाच्या दगडाचा थर आहे, त्यातून पाणी झिरपत नाही. त्या थरावरून ते वाहत जातं आणि किनाऱ्याजवळ झऱ्यांतून बाहेर पडून समुद्राला मिळतं. म्हणून जुन्या वाड्या झऱ्याच्या आसऱ्याने बसलेल्या, आणि भातशेती जवळजवळ नाही. पाऊस लांबला की वरचा ऊस वाळायचा आणि पायाखालून पाणी समुद्रात चाललेलं असायचं.

यावर त्यांनी जमिनीखाली धरण बांधलं. १९९० च्या दशकात केंद्र सरकारच्या सिंचन योजनेतून काम सुरू झालं आणि २००३ च्या सुमारास योजना पुरी झाली. वरून ओळीने खोल छिद्रं पाडायची, आतला दगड सिमेंटच्या रसाबरोबर कालवायचा, एकाला लागून दुसरा खांब, असं करत जमिनीच्या पोटात सलग भिंत उभी करायची. लांबी सव्वादोन किलोमीटरच्या वर, उंची ३५ मीटरपर्यंत. भिंतीमागे चुनखडीच्या पोकळ्यांत पाणी साठतं. ते उपसून उंचावरच्या तळ्यांत टाकतात, तिथून उताराने शेतातल्या तुषार सिंचनाला जातं. जमीन बुडत नाही, कुणाला उठवावं लागत नाही, वर शेती चालूच राहते.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग फुलपाखरांचा आहे. ओओगोमादारा नावाचं पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं मोठं फुलपाखरू इथल्या झाडीत राहतं. त्याचा कोश सोन्याच्या पत्र्यासारखा चकाकतो. किकाई म्हणजे त्याच्या वावराची उत्तरेकडची हद्द. धरणाची रेषा नेमकी त्याच्या रानाखालून जात होती. झाडी तोडून वरून यंत्रं लावण्याऐवजी त्यांनी त्या टप्प्यात बोगदा खणला आणि बोगद्यातून खाली भिंत घातली. आधी विचारून ठेवलं तर आत जाऊन बघता येतं. भिंतीला पाणी पाझरतं, हात लावला की ओल लागते.

---

तहानलेला_माणदेशी

कालवून खांब करायची पद्धत पहिल्यांदाच ऐकली. आमच्याकडे ओढ्यांवर भूमिगत बंधारे घालतात, ते चर खणून माती-प्लास्टिकचे. खाली काळा पाषाण असल्याने पाणी साठायला पोकळीच कमी. तिथे चुनखडीच त्यांची टाकी झाली. खूप धन्यवाद, वाचनखूण साठवली आहे.

---

पन्हाळ्याचा_गुळव्या

उसाचं लिहिणार होतात ना? वाट बघतोय.

---

समुद्रफेस

लिहिते. सात्सुमाच्या कारभारात अठराव्या शतकाच्या मध्यापासून अमामीच्या बेटांवर सारा धान्याऐवजी काळ्या साखरेत घ्यायला सुरुवात झाली. १८३० मध्ये तर कायदाच आला: पिकलेली सगळी साखर सरकारला द्यायची, भाव सरकार ठरवणार, बदल्यात तांदूळ आणि इतर गरजेच्या वस्तू सरकारच्याच भावाने घ्यायच्या. साखर लपवून विकणाऱ्याला कडक शिक्षा होती. रताळ्याच्या शेतातही ऊस लावायला लावला, त्यामुळे वादळाच्या वर्षी खायला उरायचं नाही. कर्ज फिटलं नाही की माणसं श्रीमंत घरात कायमची राबायला जायची, त्यांना याँचू म्हणत. सात्सुमाने ओसाकाच्या बाजारात ही साखर विकून आपलं बुडालेलं खातं सावरलं. मेइजी क्रांतीत (१८६८ मध्ये शोगुनांची सत्ता जाऊन सम्राटाची आली तो बदल) सात्सुमाच्या सरदारांची नावं मोठ्या आदराने घेतली जातात. त्यांच्या तिजोरीत या बेटांच्या उसाचा वाटा होता, हे शाळेच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आजही बेटाच्या शेतीत ऊसच मुख्य. हंगाम साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होतो आणि वसंतापर्यंत चालतो. तोडणी बहुतेक यंत्राने. बेटावर एक मोठा कारखाना आहे, तो कच्ची साखर करून मुख्य भूमीवरच्या शुद्धीकरण कारखान्यांना पाठवतो. जागतिक भावात हा ऊस टिकणारा नाही. उसाला सरकार थेट रक्कम देतं, त्यावर सगळं उभं आहे. त्याशिवाय काही घरांत अजून काहिलीत रस आटवून कोकुतो, म्हणजे काळी साखर, करतात.

---

पन्हाळ्याचा_गुळव्या

कोकुतो म्हणजे गूळच की! त्यात चुना घालतात का? आमच्या गुऱ्हाळात रस काहिलीत आला की आधी भेंडीच्या पाण्याने मळी वर आणायची, चुन्याने रसाचा आंबटपणा मारायचा. चुना जास्त झाला तर गूळ काळा पडतो. ढेप कशात ओततात?

---

समुद्रफेस

हो काका, चुना घालतात. भेंडी मी पाहिली नाही. मळी झाऱ्याने काढत राहतात. चाचणी बोटांनी नाही, थंड पाण्यात थेंब टाकून पाहतात. ढेप नसते. दाट झाला की सपाट ताटात ओतून घोटतात आणि निवायच्या आत फोडून बारीक खडे करतात. रंग मुळात काळपट, तोच त्यांना हवा असतो. चहाबरोबर नुसता खडा तोंडात टाकतात.

याच काळ्या साखरेची दारू हा बेटाचा दुसरा धंदा, कोकुतो शोचू (शोचू म्हणजे जपानी गाळीव दारू). दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये अमामीची बेटं जपानपासून तोडून अमेरिकी लष्कराच्या कारभारात गेली. मुख्य भूमीचा बाजार बंद, तांदूळ मिळेना, साखर मात्र पडून. लोक साखरेची दारू गाळू लागले. परत जपानमध्ये जाण्यासाठी चळवळ उभी राहिली, उपोषणं झाली, १४ वर्षांवरच्या ९९ टक्क्यांहून जास्त लोकांनी सह्या दिल्या. २५ डिसेंबर १९५३ ला बेटं परत आली. तेव्हा साखरेच्या दारूवरचा जबर कर त्यांच्या धंद्याला मारक ठरणार होता, म्हणून तांदळाचं कोजी (बुरशी चढवलेला तांदूळ, त्याने आंबवतात) वापरण्याच्या अटीवर फक्त अमामीच्या बेटांना ही दारू शोचू म्हणून गाळायला परवानगी दिली. ती सवलत आजही दुसऱ्या कुणाला नाही. किकाईवर अशा दोन भट्ट्या आहेत, दोन्ही १९१६ पासूनच्या.

---

तिळाची_वडी

संक्रांतीला मी तिळाबद्दल शोधत होते तेव्हा किकाईचं नाव वाचलं होतं. जपानमधला सगळ्यात जास्त तीळ तिथे होतो ना?

---

समुद्रफेस

हो! जपान आपल्या गरजेचा जवळजवळ सगळा तीळ बाहेरून आणतो, देशात पिकणारा एक टक्काही नाही. त्या एवढ्याशात किकाई पहिलं. पांढरा तीळ, ऊस काढल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात पेरतात आणि ऑगस्टच्या सुमारास काढतात. तेव्हा गावागावांत गडग्यांना, रस्त्याकडेच्या कठड्यांना टेकवून पेंढ्या वाळत ठेवलेल्या असतात. एका आजींबरोबर मी बसले होते. पेंढी ताडपत्रीवर उलटी धरायची, काठीने दोन-तीनदा हलकेच झोडपायची, बोंडं उघडून तीळ सर्रकन खाली येतात. जोरात मारलं की कचरा मिसळतो, म्हणून त्यांनी काठी माझ्या हातून परत घेतली आणि मला पाखडायला बसवलं. वादळ येणार असं कळलं की सगळं गाव पेंढ्या आत घेण्याच्या मागे. काळी साखर पाक करून त्यात तीळ घोळवून वड्या करतात. आपल्या तिळाच्या वडीची सख्खी बहीण, फक्त वेलची नाही.

---

वरुडचा_बागायतदार

आमच्याकडे संत्र्याच्या बागा ग्रीनिंग रोगाने चालल्यात. वरची पानं पिवळी, फळ बारीक, झाड वर्षागणिक वाळत जातं. औषध नाही. किकाईवर हा रोग संपवला असं कुठेसं वाचलं होतं, ते खरं का?

---

समुद्रफेस

खरं आहे, आणि त्याची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. किकाईला स्वतःची जुनी लिंबूवर्गीय फळं आहेत. केराजी वाडीच्या नावाचं एक संत्रं तर हिरव्या सालीतच इतकं सुगंधी असतं की खोलीत फोडलं की घरभर वास. २००३ मध्ये इथे ग्रीनिंग सापडला. मग त्यांनी बागाच नाही, परसातलं प्रत्येक झाड तपासलं. रोगी झाड तोडायचं, मालकाला पटवून तोडायचं. रोग पसरवणारा सायला किडा कुंपणाच्या कामिनीवर वाढतो, म्हणून कामिनीवरही फवारण्या. २०१२ मध्ये रोग बेटावरून गेल्याचं जाहीर झालं. एखाद्या ठिकाणाहून ग्रीनिंग पुरता निपटण्याची ती जगातली पहिली वेळ मानतात.

याआधी १९८५ मध्ये फळमाशी संपवली होती. प्रयोगशाळेत वाढवून किरणोत्साराने नपुंसक केलेल्या माश्या सोडत राहायच्या, पुढची पिढी निपजतच नाही. तोवर इथली काकडीवर्गीय फळं मुख्य भूमीवर पाठवायला बंदी होती. चारी बाजूंनी समुद्र असल्याचा हा फायदा.

---

वरुडचा_बागायतदार

परसातली झाडं धरून सगळ्यांनी एकदम करायचं, हीच आमची अडचण. एकाने तोडली आणि शेजाऱ्याने ठेवली की पुन्हा तेच. आमच्या गटात हे वाचून दाखवतो.

---

बखरवाला

युद्धाचं राहिलं. तिथे नौदलाची धावपट्टी होती ना?

---

समुद्रफेस

होती, आजचा विमानतळ त्याच जागी आहे. १९४५ च्या वसंतात क्युशूहून ओकिनावाकडे जाणारी आत्मघातकी विमानं इंधनासाठी, दुरुस्तीसाठी इथे उतरत. त्यामुळे अमेरिकी विमानांनी बेट भाजून काढलं, वान गाव बहुतेक जळालं. नाकाझातोजवळ विमान लपवायची काँक्रीटची कमान अजून उभी आहे. विमानतळाच्या कडेला मे-जूनमध्ये लाल-पिवळी फुलं पसरतात, त्यांना तोक्कोबाना म्हणतात. गावच्या मुलींनी निघालेल्या वैमानिकांना ही फुलं दिली आणि त्यांचं बी इथे पडलं, असं लोक सांगतात. विसाव्या वर्षीची मुलं होती ती. मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

---

वाळकेश्वर_वारा

मग आजची तरुण मुलं काय करतात? आणि दुसरं म्हणजे बेट वर येतंय, तर समुद्राची पातळी वाढण्याची त्यांना चिंता नसेल?

---

समुद्रफेस

बेटावर एकच उच्च माध्यमिक शाळा आहे, महाविद्यालय नाही. अठराव्या वर्षी बहुतेक मुलं कागोशिमा किंवा त्याहून लांब जातात. परतणाऱ्यांसाठी नगरपालिका, साखर कारखाना, बांधकाम, दोन भट्ट्या आणि गोपालन आहे. इथे काळ्या वाग्यू (मांसासाठीची जपानी जात) गाईंची वासरं वाढवून लिलावात विकतात, पुढे ती दुसऱ्या जिल्ह्यांत मोठी होतात. ऊस आणि वासरं दोन्ही करणारी घरं बरीच आहेत, कारण उसाचं वाढं जनावरांना चालतं आणि शेण शेताला. समुद्र खवळला की जहाज बंदर टाळून पुढे जातं आणि दुकानातलं दूध-पाव संपतं. नवीन माणसाला हेच सगळ्यात जड जातं.

समुद्राबद्दल: दोन मिलिमीटर हा लाख वर्षांचा सरासरी हिशेब आहे. प्रत्यक्षात शेकडो, कधी हजार-दोन हजार वर्षं थांबून मग बेट एका भूकंपात मीटरभर किंवा जास्त वर येतं. सध्या जगाचा समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटरने चढतोय, म्हणजे सरासरीचा वेगही त्याला पुरा पडत नाही. पाणी तापल्याने किनाऱ्यावरचे जिवंत प्रवाळ पांढरे पडण्याची भीती वेगळीच. २०१४ पासून बेटावर प्रवाळांचा अभ्यास करणारी संशोधन संस्था आहे. झाडाच्या खोडासारखी प्रवाळातही वर्षावर्षाची वलयं असतात. त्यांचे लांब दंडगोल काढून जुन्या काळी समुद्राचं तापमान किती होतं ते तिथे मोजतात. शाळकरी मुलांची शिबिरं घेतात, त्यात बेटाबाहेरची मुलंही येतात. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीला पाठवायचा विचार आहे. नावनोंदणी जपानीत असते, कुणाला मदत लागली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.